पिळलेला मध

आमच्या महाबळेश्वरच्या डोंगरात मध काढणं म्हणजे पूर्वी पोळं संपवणंच. झाडाच्या ढोलीतलं सातेरी माशीचं पोळं धूर देऊन कापायचं आणि फडक्यात बांधून पिळायचं. मधाबरोबर अंडी, अळ्या, पराग सगळं चिरडलं जायचं. आजोबा तो गढूळ, लवकर आंबणारा मध डब्यात भरत.

पेट्या आल्या आणि चित्र पालटलं. अमेरिकेत मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली ओळखलं होतं, की पेटीतल्या चौकटींमध्ये साधारण ९ मिलिमीटर फट ठेवली तर माशी ती बुजवत नाही. त्यामुळे चौकट अलगद उचलता येते. खालच्या कोठीत पिल्लं, वरच्या कोठीत मध. वडील सुरीने मेणाची पातळ टोपणं काढत, चौकट यंत्रात फिरवत आणि रिकामं पोळं जसंच्या तसं परत ठेवत. वसाहत वाचायची, हे मला मधाहून मोलाचं वाटतं. पुढे १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. २०२२ मध्ये इथलंच मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

पण पेटी एकटी काय करणार? माशीला रान लागतं: जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी. वणव्यात ते जळालं की पेट्या ओस पडतात. तेव्हा घाटात काडी टाकू नका, आणि इमारतीवर आग्या माशीचं पोळं दिसलं तर जाळण्याआधी एखाद्या मधपाळाला बोलवा.