वाखरीचा तळ : पंढरीच्या वारीतील अखेरच्या वाटेचा इतिहास

आषाढी वारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तिच्या प्रारंभाकडे, म्हणजे आळंदी आणि देहू येथील प्रस्थानाकडे अधिक वेधले गेले आहे. परंतु सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या पायी प्रवासाला जे रूप इतिहासात मिळत गेले, ते सर्वांत स्पष्ट दिसते ते शेवटच्या दोन-तीन दिवसांत, वेळापूर ते पंढरपूर या वाटेवर. पंढरी जवळ आली की चाल वाढावी आणि वारकऱ्याने तडक देवळाचा दरवाजा गाठावा, अशी अपेक्षा कोणी केली तर ती खोटी ठरते. उलट याच टप्प्यात थांबे वाढतात, भेटी वाढतात आणि सोहळा जणू मुद्दाम रेंगाळतो.

वारी पालखीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या आणि तुकारामांच्या घराण्यांत ती पूर्वापार चालत आलेली होती, असे परंपरा सांगते. मात्र संतांच्या पादुका पालखीत ठेवून त्यांच्यासह पंढरीस जाण्याची पद्धत तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. देहूहून तुकारामांच्या आणि आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका घेऊन एकच सोहळा निघे. पुढे सुमारे दीड शतकाने, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीस, हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा हे सातारा भागातील आरफळचे, शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले सरदार होते आणि त्यांना अंकलीच्या शितोळे सरदारांचे साहाय्य लाभले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण आजही सोहळ्यात दिसणारे घोडे, जरीपटका, नगारा, मुक्कामाचा तंबू, चोपदार आणि रथाच्या पुढे-मागे क्रमांकाने चालणाऱ्या दिंड्या ही सारी मांडणी लष्करी छावणीची आठवण करून देणारी आहे. दिंडी म्हणजे एका वीणेकऱ्याच्या आधाराने टाळ-मृदंगासह भजन करीत चालणारा वारकऱ्यांचा गट, आणि अशा अनेक दिंड्यांचे नेतृत्व करणारी, एखाद्या महाराजांच्या परंपरेने चालणारी संस्था म्हणजे फड.

ही शिस्त किती बारीक आहे ते संध्याकाळच्या समाजआरतीत पाहावयास मिळते. पालखी तळावर, म्हणजे मुक्कामाच्या मोकळ्या मैदानावर, पोहोचली की दिंड्या तिच्याभोवती वर्तुळ करून उभ्या राहतात आणि टाळांचा गजर चालू असतो. चोपदाराने चांदीचा चोप उंचावताच हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, त्यामुळे त्या शांततेत तिचाच आवाज उरतो, चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते, आणि मगच आरती होते. लिखित अर्जाशिवाय आणि कचेरीशिवाय चालणारी ही दाद मागण्याची रीत महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अधिक अभ्यासली जावी इतकी मोलाची आहे.

अखेरच्या वाटेचा आरंभ परंपरेने वेळापूरच्या अलीकडील चढावर मानला आहे. येथून तुकारामांना पंढरीचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत सुटले, अशी श्रद्धा असून तिच्या स्मरणार्थ वारकरी उतारावरून धावतात. या प्रथेला धावा म्हणतात. पंढरपूर तेथून तीसएक किलोमीटर दूर असल्याने कळस डोळ्यांना दिसणे कठीण आहे, परंतु प्रथेचा अर्थ त्यामुळे उणा होत नाही, कारण वाट सरत आल्याची पहिली जाणीव शरीराला करून देणारी ती जागा आहे. त्यापुढे तोंडले-बोंडले ओलांडल्यावर सासवडहून निघालेली, ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव म्हणजेच सोपानकाका यांची पालखी ज्ञानेश्वरांच्या पालखीला भेटते, आणि या भेटीला वारकरी बंधुभेट असेच नाव देतात. भंडीशेगाव सोडल्यावर बाजीराव विहिरीपाशी रिंगण, म्हणजे वारकऱ्यांनी मधे मोकळ्या सोडलेल्या जागेतून घोड्यांची दौड, होते. रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, तर दुसरा अश्व माउलींचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा, म्हणून त्याची पाठ रिकामी ठेवलेली असते. दौड संपताच त्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी जी झुंबड उडते, तीत सत्तरी ओलांडलेल्या बायाही मागे राहत नाहीत.

या सगळ्या वाटेचे मर्म मात्र वाखरीत आहे. पंढरपुराच्या अलीकडे सहा-सात किलोमीटरवर असलेल्या या गावी आळंदी, देहू, सासवड, त्र्यंबकेश्वर, मुक्ताईनगर, पैठण अशा ठिकाणांहून आलेल्या पालख्या एकत्र येतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतल्यानंतर अल्पावधीतच सोपानदेव सासवडास, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरास निवर्तले, म्हणजे चार भावंडे चार दिशांना विसावली; त्यांची वर्षातून एकदा होणारी भेट वाखरीच्या रानात होते. मुक्ताबाईंची पालखी त्यासाठी खानदेशातून जवळजवळ महिनाभर चालत येते. या भावंडांना सामोरे येतात ते नामदेव. ज्ञानेश्वरांचे समकालीन आणि त्यांच्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जगलेले नामदेव पंढरीचे रहिवासी होते, आणि म्हणून त्यांची पालखी इतरांप्रमाणे पंढरपुरास येत नाही, तर पंढरपुरातून निघून पाहुण्यांना घ्यायला वाखरीस जाते. घरच्या माणसाने वेशीपर्यंत सामोरे जाण्याचा हा गावरीतीचा आतिथ्यधर्म सोहळ्यात जशाचा तसा टिकला आहे.

दशमीस वाखरीहून निघताना पालख्यांचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात ज्ञानेश्वरांची पालखी सर्वांत शेवटी, तिच्या आधी तुकारामांची, असे चालते. मोठ्या मानाच्या पालखीने शेवटी यावे, हा संकेत वारकऱ्यांच्या विनयाशी सुसंगत आहे. पुढे माउलींच्या पालखीचा नेहमीचा रथ बाजूला राहून ती दुसऱ्या रथात ठेवली जाते, जो वडार समाजातील माणसे हातांनी ओढतात. इसबावीच्या विसाव्यापासून, म्हणजे थोड्या विश्रांतीच्या जागेपासून, पादुका शितोळे सरदारांच्या गळ्यात दिल्या जातात. ज्या घराण्याने सोहळ्याला अश्व दिले, त्याच घराण्यातील पुरुष या शेवटच्या अंतरात पायी चालत पादुका वाहतो. संपूर्ण वाटेवर दिसणारी लष्करी इतमामाची मांडणी येथे, गावाच्या तोंडाशी, आपण होऊन उतरवली जाते, असे या क्रमाचे वाचन करता येते, आणि हैबतबाबांच्या व्यवस्थेतील ही सर्वांत सुंदर गोष्ट म्हटली पाहिजे.

नगरात प्रवेश झाला म्हणजे वारी पूर्ण झाली, असेही नाही. एकादशीस चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा होते, द्वादशीस उपवास सोडला जातो, पौर्णिमेस गोपाळपुरात काला, म्हणजे प्रसाद वाटून खाण्याचा विधी, होतो, आणि पादुकांची विठ्ठलाशी भेट होऊन परतीची वाट सुरू होते ती त्या दिवशी. सामान्य वारकऱ्यांपैकी पुष्कळांना तर गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. ते कळसाचे दर्शन घेऊन आणि महाद्वारातील नामदेव पायरीवर डोके टेकवून समाधानाने मागे फिरतात. ज्यांना मागे फिरणे सक्तीचे होते त्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती येथे टाळता येणार नाही. त्याच पायरीसमोर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील संत चोखामेळ्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या समाजासाठी वाटेतील ही शेवटची काही पावले शतकानुशतके बंद राहिली. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केल्यावर ती मोकळी होऊ शकली.

अखेरच्या वाटेला पर्यायही निर्माण झाले. कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आला आणि यात्रेकरू थेट स्थानकावर उतरू लागले. यात्रेची गर्दी त्याने वाढली, पण दिंड्या पायीच चालत राहिल्या, कारण रेल्वेच्या वाटेवर वाखरी नव्हती. वाटेतले नेमके काय टाळता येत नाही, हा प्रश्न करोनाच्या साथीत थेट उभा राहिला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी मानाच्या पादुका बसने नेण्यात आल्या, अडीचशे किलोमीटरची वाट काही तासांवर आली, रिंगणे झाली नाहीत, वाटेतील गावे सुनी राहिली. तरीही २०२१ मध्ये बस वाखरीस थांबल्या, पालख्या एकत्र आल्या, आणि तेथून पुढे दीड किलोमीटर पायी जाण्याची परवानगी मोजक्या वारकऱ्यांना मिळाली. सगळी वाट गाळावी लागली, तेव्हा राखून ठेवली गेली ती एवढीच.