रोखेबाजारातील सांख्यिकीय पद्धती

शेअर, कर्जरोखे, वायदे इत्यादींच्या पूर्वीच्या किंमतींचा सांख्यिकी व संभाव्यता-सिद्धांत यांच्या साहाय्याने अभ्यास करून त्यावरून खरेदी-विक्रीचे नियम ठरविण्याची पद्धती. अफवा किंवा जाणकाराचा सल्ला यांऐवजी आकडेवारीवर पडताळून पाहता येणारा नियम हा तिचा आधार होय. मात्र भौतिक शास्त्रांतील नियमांहून हे नियम भिन्न आहेत. ग्रहगतीचा नियम सर्वांना कळला, तरी ग्रहांची गती बदलत नाही; बाजारातील नियम अनेकांना कळला, की त्यानुसार होणाऱ्या व्यवहारांमुळे किंमतीच बदलतात आणि नियमापासून मिळणारा लाभ घटतो. ज्ञानाचा प्रसार व ज्ञानाचा लाभ यांतील हा विरोध या पद्धतीच्या इतिहासात वारंवार दिसून येतो.

इतिहास : किंमतींतील चढउतार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे चौपट काळात ते साधारणपणे दुप्पट होतात, असे झ्यूल रेन्यो याने १८६३ मध्ये पॅरिसच्या शेअरबाजारासंबंधीच्या ग्रंथात दाखविले. लूई बाशल्ये (१८७०–१९४६) याने १९०० मध्ये पॅरिस विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात या चढउतारांचे गणित मांडले. सट्टेवाल्याच्या लाभाचे गणिती अपेक्षित मूल्य शून्य असते, असे त्याचे प्रतिपादन होते. अर्थशास्त्रज्ञांचे या प्रबंधाकडे सुमारे अर्धशतक दुर्लक्ष झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६४ मध्ये एका लेखसंग्रहात प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत १९२९ च्या मंदीनंतर ॲल्फ्रेड काऊल्स याने सल्लागारांच्या भाकितांची छाननी केली. सोळा सल्लासंस्थांच्या सुमारे ७,५०० शिफारशी तपासल्यावर त्यांनुसार होणारी गुंतवणूक बाजाराच्या सरासरीहून दरसाल सुमारे १·४ टक्क्यांनी मागे पडते, असे त्याला आढळले (१९३३). मॉरिस केंडल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये २२ किंमतमाला अभ्यासल्या. त्यांपैकी बहुतेकींत मागील आठवड्याच्या बदलावरून पुढच्या आठवड्याचा बदल सांगता येईल, असा उल्लेखनीय सहसंबंध त्याला आढळला नाही.

तरीही मर्यादित क्षेत्रांत किंमतींतील विसंगती शोधता येते, हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने दाखविले. पत्त्यांच्या जुगारात संभाव्यतेचा यशस्वी उपयोग केल्यानंतर त्याने शीन कासूफसह १९६७ मध्ये वॉरंटविषयीचा (ठराविक किंमतीस शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या पत्रांविषयीचा) ग्रंथ प्रसिद्ध केला. महाग वॉरंट विकून त्याच कंपनीचे शेअर योग्य प्रमाणात खरेदी केल्यास जोखीम बरीच कमी होते, ही त्यातील पद्धती होती. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी ऑप्शनच्या (विकल्प कराराच्या) मूल्याचे सूत्र १९७३ मध्ये प्रकाशित केले. त्याच वर्षी शिकागो येथे ऑप्शनचा स्वतंत्र बाजार सुरू झाला. सूत्राचा वापर सर्वत्र होऊ लागताच बाजारातील किंमती त्याच्या जवळ येऊ लागल्या व पूर्वीची विसंगती कमी झाली.

अध्यापन : ही विद्या शिकविता येते काय, याविषयी शिकागोतील रिचर्ड डेनिस व विल्यम एकहार्ट या व्यापाऱ्यांत मतभेद होता. डेनिसने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन १९८३ च्या अखेरीपासून काही उमेदवार निवडले, त्यांना सुमारे दोन आठवडे नियम शिकविले व व्यवहारांसाठी भांडवल दिले. हे शिष्य ‘कासव’ या नावाने ओळखले जातात. किंमत मागील ठराविक दिवसांच्या उच्चांकापलीकडे गेली, की खरेदी करणे व वस्तूच्या किंमतीतील चढउतारांच्या मानाने सौद्याचा आकार ठरविणे, हे मुख्य नियम होत. त्यांपैकी अनेकांनी मोठा नफा मिळविला. मात्र सारखेच नियम शिकूनही सर्वांना सारखे यश आले नाही. तोट्याच्या काळातही नियम न सोडणे हा या शिक्षणाचा अवघड भाग होय.

मर्यादा : एकाच आकडेवारीवर असंख्य नियम पडताळल्यास काही केवळ योगायोगाने यशस्वी ठरतात. शंभर निरुपयोगी नियम पाच टक्क्यांच्या कसोटीवर तपासले, तर त्यांतील सुमारे पाच उपयुक्त भासतील. दुसरा धोका अनुकरणाचा होय. शोल्स व रॉबर्ट मर्टन हे नोबेल पारितोषिकविजेते भागीदार असलेला एक निधी १९९८ मध्ये कोसळण्याच्या बेतात आला आणि १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर देऊन तो सावरावा लागला. त्याच्यासारखेच सौदे इतरांनीही केलेले असल्याने तोटा वाढत गेला होता. ऑगस्ट २००७ मध्येही समान पद्धती वापरणाऱ्या अनेक निधींना एकाच आठवड्यात हानी सोसावी लागली. शेअरच्या परताव्याचा अंदाज देणाऱ्या ९७ प्रसिद्ध निकषांच्या अभ्यासात (२०१६) प्रकाशनानंतर त्यांचा लाभ सरासरी ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या २०२३ मधील पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये शेअरच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत दर दहा व्यक्तींपैकी सुमारे नऊ जणांना तोटा झाला. नियमांची उपलब्धता म्हणजे लाभाची हमी नव्हे. आपला अंदाज योगायोगाचा आहे काय, हे ओळखण्यास व सौद्याचा आकार मर्यादित ठेवण्यास शिकविणे, हा या पद्धतीचा प्रसाराने न घटणारा उपयोग होय.