माळ, रान आणि तळं

माझी आज्जी देवराष्ट्र्याच्या अंगाची. लग्न होऊन आष्ट्याला आली ती बैलगाडीतनं, पण पुढं आयुष्यभर माहेराला गेली ती पायानंच. महाशिवरात्रीला सागरेश्वराला जायचं हा तिचा नेम. एस.टी. सुरू झाली तरी तिनं नेम मोडला नाही. "देव काय स्टॅंडावर बसलाय व्हय?" असं म्हणायची. मी सात-आठ वर्षांचा झालो तेव्हापासून तिच्या मागनं जायला लागलो. सालं सांगायची तर १९६७-६८ची.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पहाटे निघायचं. वाळव्याजवळ नावेनं कृष्णा ओलांडायची आणि पलीकडं लागायचं. किर्लोस्करवाडीचा भोंगा ऐकू आला की आज्जी म्हणायची, "आलं आता कुंडल." कुंडलला पाव्हण्यांच्यात मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या कडंकडंनं सागरेश्वर. दीड दिवसाची वाट. पण ती कुठं अवघड वाटली नाही. सगळी सपाट, नाहीतर हलक्या चढाची. आज्जीच्या डोक्यावर भाकरीचं गठुळं, माझ्या हातात काठी.

त्या वाटेवर जास्त होता तो माळ. नदीकाठची काळी रानं संपली की मुरमाड जमीन सुरू व्हायची. त्या दिवसांत गवत पिवळं पडलेलं असायचं. पवना, मारवेल आणि बारीक कुसळी गवत. कुसळं धोतरात, लुगड्यात अशी घुसायची की मुक्कामाला पोचल्यावर ती काढायचाच एक तास. मधनंमधनं तरवड, बोराटी, एखादं हिवर. पायाखालनं लाव्यांचा थवा भुर्रकन उडायचा आणि मी दचकायचो. चंडोल वर वर जात गायचा. टिटवी आपल्या अंड्यांपासनं आपल्याला लांब न्यायला उगंच पाय ओढत चालायची. आज्जी म्हणायची, "तिच्या मागं जाऊ नगंस, फसवतीया. वाटंनं चल."

आता माळ म्हटलं की लोक म्हणतात पडीक. सरकारी दप्तरातही पडच. इंग्रजांनी जमिनीची मोजणी करून सारा बसवला, तेव्हा जिथं पीक नाही तिथं सारा नाही, म्हणून ती जमीन बिनकामाची ठरली. पण गावाच्या हिशेबात माळ कधी बिनकामाचा नव्हता. गुरं तिथं चरायची. धनगरांची मेंढरं दिवसभर तिथं फिरायची आणि रात्री आमच्या रानात बसायची. त्या लेंडीखतावर जोंधळा यायचा. छपराला गवत माळाचं, झाडूला काड्या माळाच्या, बाळंतिणीच्या शेकाला गोवऱ्या माळावरच्या शेणाच्या. म्हणजे काळं रान पिकत होतं ते निम्मं माळाच्या जिवावर. हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, कारण ते फुकट मिळत होतं.

त्या मुलखातल्या माळानं इतिहासही बराच पाहिला आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या राजांनी कारखान्यासाठी जमीन दिली, ती कुंडल रोड स्टेशनाजवळची. निवडुंगानं भरलेला, सापाविंचवांचा उजाड माळ. तिथं लोखंडी नांगर तयार व्हायला लागले. मला नेहमी वाटतं, माळावर तयार झालेल्या नांगरानंच पुढं माळ मोडला. यात किर्लोस्करांना दोष देत नाही. त्या नांगरानं हरळी निघाली, रानं पिकली, आमचा तात्याही त्याच नांगरावर जगला.

मग बेचाळीसचा काळ. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच भागात उभं राहिलं. कुंडल त्याचं मोठं ठाणं. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ, आमच्या वाळव्याचे नागनाथअण्णा ही सगळी मंडळी याच माळांनी, ओघळींनी आणि उसाच्या फडांनी फिरली. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे अडवून पैसा लुटला, ते ठिकाण सागरेश्वराच्या डोंगरापासनं फार लांब नाही. आज्जी सांगायची, "राती कोन माळावरनं गेलं तर आमी दिवा मालवायचो. बघितलं न्हाई म्हंजे सांगाय नगं." वाटा तिला ठाऊक होत्या, माणसंही ठाऊक होती. पण नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही.

डोंगराच्या पायथ्याला सागरेश्वर. जुन्या दगडी मंदिरांचा मोठा समूह, चालुक्यांच्या काळापासूनचा सांगतात. मोठं देऊळ समुद्रेश्वराचं. आत गेलं की गारवा, बाहेर कुंड. जवळच देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, १२ मार्च १९१३चा, त्यांच्या आजोळी. गावाजवळनं सोनहिऱ्याचा ओढा वाहतो. आज्जीला यशवंतरावांचं फार कौतुक. "आमच्या गावचा नातू" म्हणायची.

पण देवळाच्या मागचा डोंगर मात्र बोडका होता. मी बघितला तो असा: खडक, त्यावर टिचभर गवत, तेही शेळ्यांनी खरडलेलं. देवाच्या भोवती थोडी झाडी, बाकी जळणाला गेलेली. आज्जी म्हणायची, तिच्या लहानपणी तिथं दाट रान होतं. मला ते खोटं वाटायचं. म्हाताऱ्या माणसांना सगळं पूर्वीचं दाटच आठवतं, असं माझं मत होतं.

१९७२ला दुष्काळ पडला. मी बारा वर्षांचा. नदीकाठाला असूनही आमच्या माळाकडच्या विहिरी आटल्या. लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, शाळेत सुकडी खाल्ली. माझी आई दुष्काळी कामावर जायची. गोटखिंडीच्या अंगाला आमचा चार एकर माळ होता, त्याच्या खालच्या ओघळीवर पाझर तलाव झाला. तिथं आईनं पाटीनं माती वाहिली. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि तळं भरलं. नितळ पाणी, तळाचा खडा दिसावा असं. का नितळ? तर वर माळ होता. पावसाचं पाणी गवतातनं गाळून खाली यायचं, माती वरच राहायची. हिवाळ्यात तिथं बदकं उतरायला लागली. आई म्हणायची, "आमच्या पाटीचं पानी हाय त्ये."

नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ला झाली. मी दुसऱ्या तुकडीतला, १९७६चा. पास झालो आणि रानात आलो. तोवर कोयनेचं धरण झाल्यामुळं कृष्णेला बारमाही पाणी होतं. साखराळ्याला कारखाना उभा राहिला होता. गावोगाव पाणी उचलायच्या स्कीमा होत होत्या. ऊस म्हणजे पैसा, आणि आम्हाला पैसा बघायचा होता. १९८१ला आमच्या माळाच्या टोकापर्यंत पाइपलाइन आली. मी तात्याला म्हणालो, माळ फोडूया.

आज्जी तेव्हा थकली होती, पण ओसरीवरनं म्हणाली, "आरं, समदंच फोडू नगासा. माळ बी लागतो मानसाला."

मी हसलो. भाड्याचा बुलडोझर आणला. अडीच एकर सपाट केला, मुरूम काढून बांधाला टाकला, खालनं गाळ आणून पसरला. दीड एकर तेवढा राहिला, कारण तिथं कातळ वर आला होता. बुलडोझरवाल्यानं नको म्हटलं, म्हणून तो वाचला. आज्जीच्या शब्दाला मी मान दिला, असं पुढं मी पाहुण्यांना सांगत असे. ते खरं नव्हतं. इथं लिहून टाकतो.

पहिली पाच-सहा वर्षं ऊस फार चांगला आला. घराला स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. मग एका पावसाळ्यात ध्यानात आलं की तळ्याचं पाणी तांबडं झालंय. वरची माती वाहून खाली चालली होती. दहा-बारा वर्षांत तळं निम्मं गाळानं भरलं. त्याच काळात आमचं नदीकडचं काळं रान पांढरं पडायला लागलं. उसाला पाणी मोजून द्यायची सवय आम्हाला नव्हती. पाट सोडला की सोडला. जमिनीखालचं पाणी वर आलं, त्याबरोबर मीठ वर आलं. वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ, या सगळ्या कृष्णाकाठच्या तालुक्यांत ही क्षारपड पसरली आहे. आता चर खणून सच्छिद्र पाइप गाडून ते पाणी काढून द्यावं लागतं. आम्हीही गाडले. जमीन हळूहळू येतीय, पण खर्च निघायला किती वर्षं गेली ते विचारू नका.

जेव्हा मी माळ फोडत होतो, त्याच काळात तिकडं आज्जीच्या डोंगरावर उलटं काम चाललं होतं. मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते यांनी तो बोडका डोंगर परत हिरवा करायचा ध्यास घेतला होता. लोकं गोळा केली, झाडं लावली, चराई थांबवली, सरकारच्या मागं लागले. आधी वनोद्यान झालं, आणि १९८५ला अभयारण्य जाहीर झालं. १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भाषेत साधारण २७०० एकर. त्यात हरणं बाहेरनं आणून सोडली. चितळ, सांबर, काळवीट. निसर्गानं दिलेलं जंगल राखणं वेगळं आणि माणसानं घालवलेलं पुन्हा उभं करणं वेगळं. त्या डोंगराला बारमाही पाण्याचा झरासुद्धा नाही. जनावरांसाठी पाणवठे करावे लागतात, उन्हाळ्यात ते भरावे लागतात.

गेल्या वर्षी शिवरात्रीनंतर मी नातीला घेऊन तिथं गेलो. मोटारसायकलवर मुलगाही आला. ताकारीच्या बाजूनं गेलो, देवदर्शन केलं आणि सकाळच्या वेळी आत चाललो. चालायला सोपं आहे. मोठा रस्ता आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जमेल. खाली झाडी, वर गेलं की मधनंमधनं उघडा गवताळ माळ, तसाच पिवळा. एका पाणवठ्यावर चितळांचा कळप होता. नात श्वास रोखून उभी. मी मात्र गवताकडं बघत होतो. खाली बसून बघितलं तर पवनाच. साठ वर्षांपूर्वीसारखी कुसळं पायजम्यात शिरली.

वरनं, कडेला उभं राहिलं की कृष्णेचं खोरं दिसतं. जिकडं बघावं तिकडं ऊस. कधीकाळी आज्जी आणि मी ज्या माळावरनं चाललो त्यातला एकही तुकडा मला वरनं ओळखता आला नाही.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. परतताना पायथ्याच्या एका शेतकऱ्यानं चहा दिला. तो वैतागला होता. हरणं, डुकरं बाहेर येतात, मका लोळवतात. "तुमाला बघाय बरं वाटतं, आमाला रातभर राखन बसावं लागतं," म्हणाला. त्याचंही खरं आहे. रान राखायचं असेल तर त्याची किंमत एकट्या पायथ्याच्या माणसानं का द्यावी?

घरी आल्यावर खरा प्रश्न निघाला. आमच्या त्या राहिलेल्या दीड एकर माळाला गिऱ्हाईक आलं आहे. प्लॉट पाडायचे म्हणतात. मुलावर कर्ज आहे, पाइप गाडल्याचंच. तो वाईट बोलला नाही, सरळ विचारलं, "आबा, दीड एकरात हरीण येनार हाय का?"

मी म्हणालो, "हरीण न्हाई यायचं. लावा येतो."

तो गप्प राहिला. मीही गप्प. माझ्याकडं याहून चांगलं उत्तर नव्हतं. बँकेचा हप्ता लाव्यानं फिटत नाही, हे मलाही कळतं.

शेवटी असं ठरलं की यंदाचा ऊस जाईपर्यंत थांबायचं. तोवर मी एक काम काढलं आहे. अडीच एकरांच्या खालच्या बाजूला, तळ्याच्या वर, दहा फुटांचा पट्टा नांगरायचा सोडला आणि माळावरचं मारवेलाचं ठोंब आणून लावलं. एका पावसात फार काही होत नाही, पण पट्ट्यात गाळ अडलेला दिसला. मुलानं तो बघितला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वरच्या बांधालाही चार ठोंबं लावलेली दिसली. मी लावली नव्हती.

रोज संध्याकाळी नातीला घेऊन तिथवर चालत जातो. माळ, मग उतार, मग तळं. अर्ध्या तासाची वाट. परवा टिटवी पाय ओढत पुढं चालायला लागली आणि नात तिच्या मागं धावली. मी हाक मारली, "तिच्या मागं जाऊ नगंस. वाटंनं चल."