नकाशाच्या आधीचा कागद

घर बांधायला काढलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती प्लॅनची. प्लॅन कुणी काढला, पास झाला का, महापालिकेत किती दिवस अडकला. पण त्या प्लॅनच्याही आधी एक कागद असतो. त्यावर भिंती नसतात, दारं-खिडक्या नसतात. इमारतीत कोण वावरणार, किती जण, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणतं काम कशाला लागून हवं आणि कशापासून लांब, जागा किती लागेल, पैसे किती आहेत, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. वास्तुविशारद त्याला ‘प्रोग्राम’ किंवा ‘ब्रीफ’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं ‘रिक्वायरमेंट’. कुणाच्या शोकेसमध्ये हा कागद लागत नाही. तरी इमारत बरी होणार की वाईट, याचा निम्मा निकाल माझ्या मते त्याच्यावर लागून गेलेला असतो.

आपल्या जुन्या घरांना हा कागद कधी लागला नाही. किती खणांचं घर, एवढं ठरलं की सुतार आणि गवंडी कामाला लागत. ओटी पुढे, मग माजघर, स्वयंपाकघर आत, देवघर कुठे, गोठा कुठे, परसातली विहीर कुठे, हे कुणी कुणाला सांगत नसे. माजघराच्या कडेला उजेड बेताचाच असलेली बाळंतिणीची खोली असे. तिचीही यादीत नोंद करावी लागत नसे, कारण बांधणारा स्वतः तसल्याच एका खोलीत जन्मलेला असे. म्हणजे प्रोग्राम होता, पण तो रिवाजात मुरलेला होता. तो लिहायची वेळ आली ती ज्या इमारतीत आधी कुणी राहिलंच नव्हतं अशा इमारती बांधायची वेळ आली तेव्हा: मोठी इस्पितळं, रेल्वे स्टेशनं, प्रयोगशाळा, शेकडो मुलांच्या शाळा. रिवाज जिथे संपला तिथे हा कागद सुरू झाला.

शब्द मात्र फार जुना आहे. ग्रीकमध्ये ‘प्रोग्रामा’ म्हणजे लोकांच्या नजरेस पडेल असं आधी लिहून लावलेलं, जाहीर सूचना. बांधकामाच्या जगात त्याला मानाचं स्थान मिळालं पॅरिसमध्ये, एकोल दे बोझार या कलाशाळेत. तिथे वास्तुकलेचं सगळं शिक्षण स्पर्धांवर चालायचं आणि प्रत्येक स्पर्धेचा विषय एका छापील प्रोग्रामने दिला जायचा. विद्यार्थ्याला एका लहानशा कोठडीत एकट्याला बसवत. हातात प्रोग्राम, पुढ्यात कागद. ठरलेल्या तासांत, बहुधा बारा, त्याने कच्चं रेखाटन करून द्यायचं. त्याची एक प्रत तो सोबत घेऊन जाई आणि पुढचे काही आठवडे त्याच कल्पनेवर मोठी रेखीव चित्रं तयार करी. पहिल्या दिवशीच्या रेखाटनापासून तो भरकटला तर स्पर्धेतून बाद.

हे प्रोग्राम सिद्धान्ताचे प्राध्यापक लिहीत. 1894 पासून त्या जागेवर असलेल्या ज्युलियँ गादे यांनी 1901 ते 1904 या काळात आपली व्याख्यानं ग्रंथरूपाने आणली, आणि आराखडा प्रोग्रामशी इमान राखून निघाला पाहिजे ही शिकवण त्यामुळे पुढच्या पिढ्यांपर्यंत गेली. पण एक उणीव राहिली, आणि ती मला फार मोठी वाटते. तिथला प्रोग्राम वरून उतरायचा. तो बरोबर आहे का, अमुक दालन खरंच लागतं का, असं विचारायला समोर कुणी नसायचं, कारण इमारत कल्पनेतली आणि मालकही कल्पनेतला.

खऱ्या माणसांच्या गरजा मोजून लिहिण्याचं काम गादे यांच्या काही दशकं आधीच दुसरीकडे सुरू झालं होतं, आणि ते करणारी व्यक्ती वास्तुविशारद नव्हतीच. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये इस्पितळांवर एक पुस्तक काढलं आणि 1863 मध्ये ते वाढवून पुन्हा लिहिलं. इस्पितळाने रोग्याला आणखी आजारी पाडू नये, इथून त्यांची सुरुवात. मग एकेक गोष्ट आकड्यांत येते. एका कक्षात 20 ते 32 खाटा. दर दोन खाटांना निदान एक खिडकी, खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत, म्हणजे हवा आरपार खेळेल. नर्सची खोली कक्षाला लागून, आतल्या खिडकीतून सगळ्या खाटा दिसतील अशी. यात कुठेही कमानी, खांब, शोभा यांचा विषय नाही. रात्री दिवा घेऊन खाटांमधून फिरलेल्या बाईने लिहिलेला तो प्रोग्राम आहे. लंडनचं सेंट थॉमस इस्पितळ याच धर्तीवर बांधलं गेलं आणि 1871 मध्ये उघडलं.

तरीही प्रश्न विचारणं हे वेगळं कसब आहे, त्याला रीत असते, ते शिकवता येतं, हे कुणी मानत नव्हतं. ते मानलं जाऊ लागलं अमेरिकेत, टेक्सासमध्ये, आणि तेही अडचणीतून.

विल्यम कॉडिल आणि जॉन रोलेट हे दोघे शिक्षक. त्यांनी 1946 मध्ये फर्म काढली. वॉली स्कॉट सामील झाल्यावर तिचं नाव कॉडिल रोलेट स्कॉट झालं, पण सगळे ‘सीआरएस’ म्हणत. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, शाळांची मागणी वाढत होती. ओक्लाहोमातल्या ब्लॅकवेल गावाच्या शाळांचं काम त्यांना मिळालं. टेक्सासमधून ब्लॅकवेल शेकडो मैल दूर. हे चित्रं करून न्यायचे, शाळामंडळ नाकारायचं, हे परत यायचे. पुन्हा चित्रं, पुन्हा नकार. काम हातचं जायची पाळी आली तेव्हा त्यांनी ड्रॉइंग बोर्ड गाडीत घातले आणि थेट मंडळाच्या कचेरीत जाऊन ठाण मांडलं. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय हलायचं नाही, असा निर्धार. दिवसा शिक्षक, पालक, मंडळाचे सभासद येऊन बोलायचे. रात्री हे काढायचे. सकाळी पुन्हा सगळे त्याच टेबलाभोवती. आठवड्याच्या आत काम मार्गी लागलं. पुढे फर्मने ही रीतच करून टाकली आणि तिला ‘स्क्वॉटर्स’ असं नाव दिलं, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बिऱ्हाड थाटणारे.

या रीतीला शास्त्राची शिस्त लावली विली पेन्या यांनी. मेक्सिकोच्या सीमेवरच्या लॅरेडो गावचे, दुसऱ्या महायुद्धात एक पाय गमावलेले, आणि फर्मच्या सुरुवातीच्या काळापासूनचे भागीदार. कॉडिल यांच्यासोबत 1959 मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. चांगल्या रचनेच्या आधी विश्लेषण आलं पाहिजे, हा त्याचा गाभा. आणि 1969 मध्ये जॉन फोक यांच्यासह ‘प्रॉब्लेम सीकिंग’ हे छोटं पुस्तक. रचना म्हणजे प्रश्न सोडवणं, तर प्रोग्राम म्हणजे मुळात प्रश्न कोणता आहे तो शोधणं, असं ते म्हणतात. त्यासाठी पाच पायऱ्या: उद्दिष्टं ठरवा, माहिती गोळा करा, कल्पना तपासा, गरजा निश्चित करा, आणि शेवटी प्रश्न शब्दांत मांडा. प्रत्येक पायरीवर चार अंगांनी बघायचं: काम, रूप, पैसा, काळ.

मला पायऱ्यांपेक्षा त्यांची साधनं जास्त आवडतात. बैठकीत जे निघेल ते लहान कार्डांवर उतरवायचं. एका कार्डावर एकच विचार, दोन-चार शब्द आणि हाताने काढलेलं साधं चित्र. कार्डं भिंतीवर टाचायची. मुख्याध्यापकाला वाटलं की हे कार्ड तिकडे हवं, तर त्याने उठून हलवायचं. दुसरं साधन खाकी कागदाचं. भिंतीवर मोठे तपकिरी कागद लावायचे आणि प्रत्येक खोलीच्या क्षेत्रफळाचा पांढरा चौकोन प्रमाणात त्यावर मांडायचा. एक वर्ग म्हणजे एवढा चौकोन, असे बारा वर्ग म्हणजे बारा चौकोन. ‘आठशे चौरस फूट’ ऐकून ज्याच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, त्याला चौकोन लगेच कळतो. वाचनालय वाढवायचं असेल तर भोजनगृह कमी होणार, हे भिंतच सांगते. आणि पैसे कमी पडणार असतील तर ते त्याच दिवशी, चित्राची एक रेघही ओढण्याआधी समजतं. खोल्यांच्या बेरजेवर भिंती, जिने, कॉरिडॉर यांची जागा चढवायची हेही तिथेच ठरतं. आपल्याकडे कार्पेट आणि बिल्टअप यांतल्या फरकाने ज्यांचे डोळे पांढरे झाले आहेत, त्यांना या एका आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पेन्या यांचा एक आग्रह असा की विचारणारा आणि रचना करणारा हे वेगळे असावेत. रचनाकाराला उत्तराची घाई असते, तो ऐकता ऐकता चित्र काढू लागतो. हे खरं आहे. पण इथे मी वास्तुविशारद लुई कान यांच्याकडे झुकतो. क्लायंटने दिलेली खोल्यांची यादी त्यांना पुरेशी वाटत नसे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या युनिटेरियन चर्चचं काम 1959 मध्ये आलं, तेव्हा त्यांनी पहिल्या रेखाटनात मध्यभागी प्रार्थनेच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि शाळेच्या खोल्या भोवती ठेवल्या. क्लायंटशी चर्चा त्यांच्याविना बंद खोलीत झाली असती आणि रचनाकाराच्या हाती नुसती यादी पडली असती, तर ते प्रश्नचिन्ह उमटलं नसतं.

गरजा मोजण्याची हौस कुठवर जाते याचं एक उदाहरण आपल्या शेजारचं आहे. ख्रिस्टोफर अलेक्झांडर हे तरुण संशोधक 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या एका खेड्यात राहिले. सहाशे वस्तीच्या गावाच्या त्यांनी 141 गरजा लिहिल्या. घराचं दार दक्षिणेला नको, ही त्यातली अगदी सुरुवातीची एक. कोणती गरज कोणत्या गरजेशी बांधलेली आहे हे मांडून त्यांनी संगणकाच्या मदतीने त्यांचे गट पाडले, आणि 1964 च्या पुस्तकात ते छापलं. काही वर्षांनी 1971 च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच सांगितलं की पद्धतीच्या मागे लागू नका. मला ती यादी तरीही मोलाची वाटते, कारण ती तिथे राहून केलेली आहे.

आणि या कुळकथेत आपल्या मातीतलं एक माणूस आहे. अच्युत कानविंदे, जन्म 1916, सिंधुदुर्गातलं आचरा. मुंबईच्या जे. जे. मधून शिकले, वैज्ञानिक संशोधन परिषदेत वास्तुविशारद झाले. देशात राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहणार होत्या. प्रयोगशाळेत गॅस, पाणी, धूर, कंपनं यांची सोय कशी लावतात, याचा इथल्या कुणालाच सराव नव्हता. रिवाज नव्हता, म्हणून विचारणं भाग होतं. सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं. परतल्यावर त्यांनी अहमदाबादची ‘अटिरा’ ही कापड-संशोधन संस्था केली, पुढे कानपूरची आयआयटी केली. तिथे ग्रंथालय मध्यावर आहे, विभाग एकमेकांना उंचावरच्या वाटांनी जोडलेले आहेत, आणि मोटारींचा रस्ता पायी चालणाऱ्याच्या आड येत नाही. एच. जेम्स मिलर यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या शैक्षणिक परिसरांवर पुस्तक लिहिलं तेही 1969 मध्ये, पेन्या यांच्या पुस्तकाच्याच वर्षी.

मी स्वतः हे शिकलो ते एका तालुक्याच्या गावी. घराची यादी मला तोंडी मिळाली होती: हॉल, किचन, तीन बेडरूम, पार्किंग. मी उतरत्या छपराचं छान चित्र केलं. सगळ्यांना आवडलं. चहा देताना आजी म्हणाल्या, “कुरडया कुठं घालायच्या रे वाळत?” त्या घरातल्या तीन बायका उन्हाळ्याचे दोन महिने वाळवणं करून विकत होत्या. मुलांच्या फीचे पैसे त्यातून येत. मी ते विचारलंच नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं, कारण गच्चीवर वाळवणं घालतात हे काय सांगायचं असतं? चित्र फाडलं. नवीन घराला सपाट गच्ची आली, स्वयंपाकघरातून थेट जिना आला, आणि वर एक नळ.

आपल्या देशात वास्तुविशारदांच्या परिषदेने सेवांचे टप्पे घालून दिले आहेत. क्लायंटच्या गरजा जाणून घेणं, जागा पाहणं आणि लेखी ब्रीफ करून त्याची मंजुरी घेणं, हे त्यातल्या पहिल्याच टप्प्यातलं काम आहे. तो तुमचा हक्क आहे. घर असो, दवाखाना असो की गावची शाळा, पहिल्या भेटीत चित्र मागू नका. हा कागद मागा, घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला तो वाचून दाखवा, आणि मगच त्यावर सही करा.