तळटीप : ‘रबाळे ठाण्यात दोन दिवस बसवून ठेवले’
* कायद्याने हे चालत नाही. अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्कच. अजामीनपात्र गुन्ह्यात निर्णय न्यायालयाचा. ६० दिवसांत (गंभीर गुन्ह्यांत ९०) आरोपपत्र आले नाही, तरीही जामीन मिळतो. मात्र अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधी करावा लागतो, आणि गरीब माणूस नेमका इथेच हुकतो. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयी पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली अटकेची खबर विधी साहाय्य समितीला लगेच देण्याचा आदेश दिला. वकील परवडत नसेल, तर पहिल्याच हजेरीत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मोफत वकील मागावा. – संपा.