बरग्यांमधली फट

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पुराच्या बातम्यांतून ओळखीचा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगांत माती ठासून पाणी अडवत. पुढे लोखंडी बरगे आले, फट बुजवायला रबरी सील आलं.

१८३९ मध्ये गुडइयरने गंधक आणि उष्णता देऊन रबराच्या साखळ्या नकळत एकमेकींना बांधल्या, म्हणून दाबलेलं रबर परत उसळतं. पूर्ण नाही मात्र. महिनोन्महिने दाबून ठेवलं की काही साखळ्या सरकतात, काही तुटून नव्या जागी जुळतात. रबर दबलेला आकारच आपला मानतं (आमच्या भाषेत, मेमरी ओव्हरराइट!). पावसाळ्यानंतर तेच बरगे पुन्हा बसवले की फट झिरपते आणि एप्रिलमध्ये वरच्या ऊसवाल्याचा पंप हवा ओढतो.