टिपण कसे ठेवावे?

शाळा-कॉलेजातल्या मुलांना एखादा शोधनिबंध सांगितला, की ती चार ग्रंथ गोळा करतात आणि वहीत भराभर उतरवून घेतात. महिन्याने वही उघडावी, तर कोणते वाक्य कोणाचे, हे त्यांनाच सांगता येत नाही. टिपण म्हणजे नक्कल नव्हे. टिपण म्हणजे साक्षीदाराचा पत्ता.

एक उदाहरण पाहा. शिवछत्रपतींचे जन्मवर्ष म्हणून बखरींच्या आधाराने पुष्कळ वर्षे १६२७ सांगितले जाई. पुढे १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत तिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. महाराजांचा समकालीन कवी परमानंद याच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आहे. आता ज्याने वहीत नुसते ‘जन्म १६२७’ लिहिले, तो गोंधळणारच. ज्याने ‘अमुक बखर, अमुक पान’ असे लिहिले, तो सगळी साधने शेजारी शेजारी मांडील आणि विचारील, यांतला कोण त्या काळाला अधिक जवळचा?

दुसरे असे, की मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले, की १६२९ येतात. पण फाल्गुन इंग्रजी वर्षाच्या आरंभी पडतो, म्हणून इथे ७९ मिळवायचे. तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०, आणि तीही जुन्या ज्युलियन पद्धतीची. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च होतो. तिथी न लिहिता घाईने ‘१६२९’ एवढेच टिपले, तर चूक शोधायची कशावरून?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढे वळण लावाच. एका कागदावर एकच मुद्दा. माथ्यावर ग्रंथ, लेखक, पान. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत. आपले मत खाली, रेघ मारून वेगळे.

आणि गावकरी मंडळी, हे काम एकट्या विद्वानांचे नाही बरे! जेधे शकावलीसुद्धा मावळातल्या एका देशमुख घराण्याने जपलेल्या दप्तरातूनच आली. आपल्या माळ्यावर मोडी कागदांचे गाठोडे असेल, तर ते कोणाच्या घरचे, कुठे सापडले, कोणी वाचले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवा. कागद उद्या दुसऱ्याच्या हाती गेला, तरी त्याची साक्ष त्याच्याबरोबर जाईल.